रात्र रात्र जागून तक्ते बनवले, तरी पाठ का फसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिसरीचा वर्ग, ३८ मुलं, नोकरीचं दुसरं वर्ष, सगळे विषय एकाच शिक्षिकेकडे. रोज रात्री दोन-दोन तास बसून त्या रंगीत तक्ते, शब्दपट्ट्या आणि कागदी बाहुल्या बनवतात. वर्गात पहिली दहा मिनिटं मुलं खूश असतात. मग गडबड सुरू होते, आणि आठवड्याने विचारलं तर निम्म्या वर्गाला काही आठवत नाही. त्यांचं विचारणं असं, की पाठ मुलांना आवडणारा असावा आणि मला शिकवायला सोपाही जावा, हे दोन्ही एकदम जमतं का? की एक हवं तर दुसऱ्यावर पाणी सोडायचं?

जमतं. मी २६ वर्षं पहिली ते चौथीला शिकवते आहे, आणि माझा अनुभव असा, की जो पाठ मुलांना खरोखर धरून ठेवतो तो शिकवायलाही हलका जातो. त्यामुळे एकासाठी दुसरं सोडायची वेळ येत नाही.

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी दिसतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. रात्री तुम्ही राबता. सकाळी वर्गातही तुम्हीच बोलता, तुम्हीच दाखवता, तुम्हीच फळ्यावर चिकटवता. मुलं बघत असतात. नुसतं बघणं दहा मिनिटं छान वाटतं. त्यानंतर ज्या मुलाचे हातही रिकामे आणि डोकंही रिकामं, ते शेजाऱ्याच्या दप्तरात हात घालणारच. पाठात मुलाने काय करायचं हे ठरलेलं नसलं, की ती रिकामी जागा आपण साहित्याने भरायला जातो. साहित्य कितीही आणलं तरी ती भरत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझ्या चौथ्या वर्षी ‘सजीव आणि निर्जीव’ या पाठासाठी मी कापडाचा एक पोपट शिवला होता. त्याच्या तोंडून सजीवांची लक्षणं वदवली. वर्ग हसत होता, टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी विचारलं, “काल आपण काय शिकलो?” एक म्हणाला, “पोपटाची चोच लाल होती.” दुसरी म्हणाली, “तो खिडकीत जाऊन बसला.” लक्षणं एकालाही सांगता आली नाहीत. यात मुलांची चूक नव्हती. पूर्ण तासभर त्यांनी विचार पोपटाचाच केला होता, म्हणून पोपटच लक्षात राहिला. मूल ज्याचा विचार करतं तेच त्याच्याजवळ उरतं. त्या दिवसापासून पाठ ठरवताना मी आधी स्वतःला विचारते, की या तासाला मुलं विचार कशाचा करतील?

आता तोच पाठ मी असा घेते. टेबलावर, मुलांपासून लांब, एक मेणबत्ती लावते आणि विचारते, “ही ज्योत सजीव की निर्जीव? कोणाशी बोलू नका, पाटीवर लिहा.” तयारी एवढीच. पाट्या वर होतात तेव्हा वर्ग जवळजवळ निम्मा-निम्मा फुटलेला असतो. मग कारणं येतात. हलते, म्हणून सजीव. मेण खाते. पेला पालथा घातला तर मरते, म्हणजे तिला हवा लागते. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, “एका ज्योतीवर दुसरी वात धरली की दुसरी ज्योत होते. ते तिचं पिल्लू.” सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघत होता. हालचाल, अन्न, श्वसन, वाढ, पुनरुत्पादन: मी एकही शब्द न उच्चारता लक्षणांची जवळजवळ सगळी यादी मुलांनीच फळ्यावर आणली होती. मग मी मूठ उघडून एक वाळलेलं बी दाखवते. हे हलत नाही, खाताना दिसत नाही, वाढताना दिसत नाही. मग हे निर्जीव का?

इथे वर्ग अडतो, आणि त्याच क्षणी शिकवायला सुरुवात करायची असते. ज्योत मेण घेते, पण त्या मेणातून स्वतःचं शरीर बांधत नाही. सजीव मात्र अन्नातून स्वतःचं शरीर बांधतो. बी निपचित दिसतं, पण पाणी मिळालं की तेच काम सुरू करतं. ओल्या फडक्यात एका बाजूला काही बिया आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच खडे ठेवायचे आणि रोज सकाळी एक मिनिट उघडून बघायचं. खडे का ठेवायचे, हे मुलांनाच विचारा. मोड आला तो पाण्यामुळे की बियांत काही होतं म्हणून, हे खड्यांशिवाय कसं ठरवणार?

पोपट शिवायला मला दोन रात्री लागल्या होत्या. मेणबत्तीच्या पाठाला एक चांगला प्रश्न लागला.

तक्त्यांबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे पाठ शिकवले. काही पाठ भिंती चित्रांनी आणि तक्त्यांनी भरलेल्या खोलीत झाले, काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ पाठाबाहेर होतं, मोकळ्या खोलीत सुमारे २८ टक्के. शिकलेलंही मोकळ्या खोलीत जास्त होतं. प्रयोग लहान आहे आणि मुलं तुमच्या वर्गापेक्षा लहान आहेत, त्यामुळे यावरून भिंती कोऱ्या करा असं मी म्हणणार नाही. पण सजावट आपोआप लक्ष वाढवते, ही समजूत सोडून द्यायला एवढं पुरे आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. ३८ मुलांच्या वर्गात जे चालतं ते ६५ मुलांत तसंच्या तसं चालत नाही. एकाच खोलीत दोन इयत्ता असतील तर तुमचा निम्मा तास दुसऱ्या गटाला स्वतःहून करता येईल असं काम देण्यात जातो, आणि तिथे खरी कसोटी त्या कामाची असते. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी असेल तर प्रत्येक पाठात भाषेचा एक पाठ दडलेला असतो. आणि तिसरीच्या वर्गात किती मुलांना खरोखर वाचता येतं, हे आधी तपासून घ्या. पुस्तक उघडून सगळा वर्ग एका सुरात वाचत असेल तर कळत नाही. एकेकाला शेजारी बसवून, त्याने कधी न पाहिलेल्या चार ओळी वाचायला द्या. दहा-बारा मुलं तिथे अडखळली, तर त्यांना परिसर अभ्यासाचा पाठ कंटाळवाणा वाटतो असं म्हणता येणार नाही, कारण पाठ त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. तो प्रश्न वेगळा आहे आणि पाठ रंजक करून सुटत नाही. त्यासाठी रोज वीस मिनिटं वाचनाचीच द्यावी लागतात.

हे सोडून बाकीचं जवळजवळ सगळीकडे लागू पडतं.

तयारीला बसलात की सगळ्यात आधी एकच वाक्य लिहा: तास संपताना मूल काय करून दाखवेल? ‘वजाबाकी शिकवणे’ हे वाक्य चालणार नाही, ते तुमच्या कामाचं वर्णन झालं. ‘दोन अंकी वजाबाकीत एकक कमी पडले तर मूल एक दशक सुटा करून उत्तर काढेल आणि हातचा कुठून आला ते सांगेल’, हे चालेल. वाक्य असं नेमकं झालं की निम्मी तयारी आपोआप गळून पडते. कारण मग कळतं, की शब्दपट्ट्या नकोत, बाहुली नको, गाणं नको. काड्या हव्यात.

एका तासाला एकच नवी गोष्ट, असा माझा आग्रह का, तेही सांगते. मोठ्या माणसालाही एका वेळी जेमतेम चार नव्या गोष्टी डोक्यात धरून त्यांच्यावर काम करता येतं. आठ वर्षांच्या मुलाला त्याहून कमी. तुम्ही नवा शब्द, नवी रीत, नवा खेळ आणि नवी बैठकव्यवस्था एकाच तासाला आणलीत, तर मुलाची सगळी ताकद खेळाचे नियम लक्षात ठेवण्यातच खर्च होते. म्हणून खेळ नवा असेल त्या दिवशी गणित जुनं घ्या. गणित नवं असेल त्या दिवशी खेळ ओळखीचा ठेवा. हा एक नियम पाळला तरी गडबड बरीच कमी होईल.

हातच्याच्या वजाबाकीचा तास मी कसा घेते, ते जरा जवळून दाखवते. सगळ्यात जास्त मुलं इथेच अडतात आणि सगळ्यात जास्त शिक्षक इथेच दमतात.

५२ वजा २७. फळ्यावर उभी मांडणी करून दिली तर वर्गातली कितीतरी मुलं ३५ लिहितात. हे उत्तर नीट बघा. पाचातून दोन गेले, तीन. मग खाली सात, वर दोन, आणि मूल म्हणतं, सातातून दोन गेले, पाच. मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्याने आधीच्या वर्षीच्या बिनहातच्याच्या गणितांवरून स्वतःच बनवलेला असतो. तो तेव्हा प्रत्येक वेळी बरोबर ठरला होता. त्यामुळे ‘लक्ष दे’ असं सांगून ही चूक जात नाही. मूल लक्ष देऊनच चुकतंय.

मी दोन-दोन मुलांच्या जोडीला काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देते. प्रत्येक गठ्ठ्यात दहा, वर रबर बांधलेलं. फळ्यावर काहीही लिहीत नाही. एकाला सांगते, “तुझ्याकडे बावन्न आहेत. शेजाऱ्याला सत्तावीस दे.” मूल दोन गठ्ठे पटकन देतं. मग सात सुट्या द्यायला जातं आणि हातात दोनच. काही जण त्या दोन देऊन थांबतात. काही जण माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही. आणि मग कुठल्या तरी बाकावरून आवाज येतो, “बाई, रबर काढू का?”

या प्रश्नासाठीच हा सगळा तास मांडलेला असतो. मी विचारते, “काढलास तर तुझ्या काड्या वाढतील की कमी होतील?” जवळजवळ प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं म्हणतात, वाढतील. दिलेले दोन गठ्ठे धरून मोजायला लावते. बावन्नच. चार गठ्ठे आणि बारा सुट्या. आता सात देता येतात, पाच उरतात. गठ्ठे दोन उरतात. पंचवीस.

तीन-चार गणितं अशी हाताने झाली की मग चित्र. गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्या काडीला ठिपका. रबर काढलं की रेघ खोडायची आणि दहा ठिपके काढायचे. आणि चित्र जमलं की मग अंक. पाचावर काट मारून वर चार, दोनाच्या जागी बारा. मुलाने तोपर्यंत ती काट हाताने आणि चित्राने अनुभवलेली असते, म्हणून तिचा अर्थ सांगत बसावं लागत नाही. आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने, ही वाट जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडली होती. ती वाट बरोबर आहे, पण घाई करणाऱ्यांच्या हाती ती अर्धीच लागते: काड्या एक दिवस दाखवायच्या आणि दुसऱ्या दिवशी थेट अंकांवर उडी. चित्राची पायरी गाळू नका. दोन दिवस जास्त लागले तर लागू द्या. ते पुढे शतकाच्या वजाबाकीत व्याजासकट परत मिळतात.

मराठीत गणित शिकवताना एक अडचण आपल्या संख्यानामांचीही आहे. सत्तावीस म्हणताना कानावर आधी सात पडतो, मग वीस, आणि मूल ७२ लिहितं. एकोणतीस तर नाव तीसचं घेतो आणि बसतो वीसच्या घरात. मूल ३९ लिहून मोकळं होतं. म्हणून काड्यांच्या तासाला मी संख्या दोन तऱ्हेने बोलायला लावते: “सत्तावीस, म्हणजे दोन गठ्ठे सात सुट्या.” आठवडाभर असं बोललं की लिहिण्यातली उलटापालट पुष्कळ कमी होते.

आणि शेवटी अंदाज. बावन्नातून तीस गेले असते तर बावीस उरले असते. आपण तीसपेक्षा थोडे कमी दिले, म्हणजे बावीसपेक्षा थोडे जास्त उरायला हवेत. ३५ लिहिणारं मूल इथे स्वतःच वही ओढून घेतं. चूक बाईंनी दाखवण्यापेक्षा स्वतःला सापडली, की मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला अजूनही या कामात सगळ्यात जास्त आवडतं.

या तासाला साहित्य काय लागलं? काड्या आणि रबरं. ती एका डब्यात भरून ठेवली की वर्षभर पुरतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, सम-विषम, सगळ्याला तोच डबा. एकदा बनवून तीस वेळा वापरता येतं ते साहित्य खरं. एका पाठासाठी बनवून कपाटात जाणाऱ्या वस्तूवर रात्र घालवू नका.

आता प्रश्न विचारण्याबद्दल, कारण पाठ जिवंत राहतो तो त्यावरच. आपण प्रश्न विचारतो, चार हात वर होतात, त्यातल्या एकाला उठवतो, तो बरोबर सांगतो, आपण पुढे जातो. उरलेल्या ३७ जणांना तोपर्यंत कळलेलं असतं, की थोडं थांबलं की उत्तर आपोआप येतं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तेच थांबणं तीन सेकंदांवर किंवा पुढे नेलं, तर मुलांची उत्तरं लांब झाली, जास्त मुलं बोलू लागली, ‘येत नाही’ म्हणणं कमी झालं. मी मनात चारपर्यंत मोजते. सुरुवातीला ते चार आकडे फार लांब वाटतात, वर्ग हातातून सुटेल अशी भीती वाटते. सुटत नाही. दोन आठवड्यांत मुलांना सवय होते, आणि मग त्या शांततेत विचार चाललेला दिसायला लागतो.

दुसरी सवय पाट्यांची. उत्तर सगळ्यांनी लिहायचं, मी ‘दाखवा’ म्हटलं की एकदम पाट्या वर. तीन सेकंदांत मला अख्खा वर्ग कळतो: कोणाला जमलं, कोण ३५ लिहितंय, कोण शेजाऱ्याची पाटी बघून लिहितंय. मग पुढे जायचं की थांबायचं हे ठरवायला परीक्षेची वाट बघावी लागत नाही. उत्तरं दोन तऱ्हेची आली तर मी बरोबर कोणतं ते सांगत नाही. “शेजाऱ्याला पटवून दे” म्हणते आणि एक मिनिट देते. हो, आवाज वाढतो. पण तो आवाज कामाचा आहे. कामाचा आवाज आणि रिकामा आवाज यातला फरक दाराबाहेर उभं राहिलं तरी कळतो, आणि कामाच्या आवाजाला घाबरू नका.

तुमच्या मुलांना आठवड्याने काही आठवत नाही, त्याचं एक कारण साहित्य आहे, ते वर सांगितलं. दुसरं कारण असं, की आपण त्यांना पुन्हा आठवायला लावतच नाही. आपण पुन्हा सांगतो, ते पुन्हा ऐकतात, आणि ऐकताना सगळं येतंय असं वाटतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र तेच मागे पडले आणि न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. विद्यार्थी मोठे होते, पण लहान मुलांच्या वर्गात मी हेच वर्षानुवर्षं बघत आले आहे. म्हणून माझा प्रत्येक तास तीन प्रश्नांनी सुरू होतो. एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. पुस्तक बंद, पाटीवर उत्तर, गुण नाहीत. पाच मिनिटं. हजेरी घेता घेता प्रश्न फळ्यावर लिहून होतात, आणि तासाला बसल्या बसल्या मुलांच्या हाताला काम मिळतं. गडबडीची पहिली पाच मिनिटं तिथेच संपतात.

इथपर्यंत आलं की तासाचा सांगाडा तयार होतो. तीन जुने प्रश्न. मग वर्गाला दोन तट पाडणारा एक नवा प्रश्न. मग हाताने किंवा चित्राने काम, जोडीत. मग मी सांगायचं ते, आठ-दहा मिनिटांत, कारण तोपर्यंत मुलांना ते ऐकायची गरज वाटायला लागलेली असते. शेवटी एकच उदाहरण प्रत्येकाने एकट्याने सोडवायचं आणि पाटी दाखवून बाहेर पडायचं. रोज हाच क्रम. मुलांना याचा कंटाळा येत नाही. पुढे काय येणार हे माहीत असलं की त्यांना सुरक्षित वाटतं, आणि ‘वह्या काढा, सरकून बसा, आता ऐका’ असं ओरडण्यात तुमचा घसा जात नाही. नावीन्य प्रश्नात असू द्या, क्रम जुनाच ठेवा.

पाठटाचणात मी चारच गोष्टी लिहिते: तासाचं एक वाक्य, तो वर्ग दुभागणारा प्रश्न, मुलं करतील अशा दोन चुका, आणि शेवटचं उदाहरण. पंधरा ते वीस मिनिटं लागतात. यातली सगळ्यात मोलाची ओळ चुकांची आहे. पहिल्या वर्षी ती लिहिता येत नाही, कारण मुलं कुठे चुकतात हे अजून बघितलेलं नसतं. म्हणून रोज वह्या तपासताना नुसतं बरोबर-चूक करून सोडू नका. एका वहीत फक्त चुका टिपून ठेवा, मुलाचं नाव न लिहिता. ती वही पुढच्या वर्षीची तुमची निम्मी तयारी असेल. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत आणि अजूनही नवीन चूक सापडली की मी ती लिहून घेते.

भाषेच्या तासाला हाच सांगाडा थोडा वाकवावा लागतो. धडा आधी पूर्ण वाचून दाखवण्यापेक्षा मध्येच एका वळणावर थांबा आणि विचारा, आता काय होईल? पण लगेच विचारा, “कशावरून म्हणतोस? कुठली ओळ?” दुसऱ्या प्रश्नाशिवाय पहिला नुसत्या कल्पनेचा खेळ होतो. ओळ दाखवायला लागली की मूल परत पाठाकडे जातं, आणि तेच वाचन.

खेळ आणि गाणी नकोत असं मी म्हणत नाही. खेळातली चाल आणि पाठातला विचार एकच असेल तर खेळासारखं दुसरं काही नाही. माझा सगळ्यात आवडता खेळ: मी मनात १ ते १०० मधली एक संख्या धरते. मुलांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. सुरुवातीला ती ‘सतरा आहे का? चाळीस आहे का?’ असं करत बसतात. काही दिवसांनी कोणीतरी विचारतं, “पन्नासपेक्षा मोठी आहे का?” आणि वर्गाला एकदम कळतं, की एका प्रश्नात निम्म्या संख्या गेल्या. दर प्रश्नाला निम्म्या-निम्म्या करत गेलं तर सात प्रश्नांत कुठलीही संख्या सापडते. लहान-मोठेपणा, सम-विषम, दशकाची घरं, सगळं त्यात येतं. तयारी शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि मुलं मधल्या सुट्टीत आपापसात खेळतात. उलट संगीतखुर्चीत खुर्ची मिळाली नाही त्याने पाढा म्हणायचा, यात पाढा शिक्षा होऊन बसतो. असा खेळ मी घेत नाही.

पटकन होणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण येत्या आठवड्यात समोर येईलच. त्यांना आणखी दहा गणितं देऊ नका. “५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिणाऱ्या मुलाला तू कसं समजावशील ते लिही” किंवा “उत्तर २५ येईल अशी हातच्याची तीन गणितं बनव” असं काहीतरी द्या. मागे राहणाऱ्यांना वेगळं, सोपं गणित देण्याआधी त्यांच्या हातात काड्या द्या. बरेचदा तेवढं पुरतं.

हे सगळं एकदम सुरू करू नका. सोमवारपासून एकच विषय घ्या, गणित घ्या, आणि त्यातही पहिला आठवडा फक्त तीन जुने प्रश्न आणि पाट्या. बाकीचे विषय सध्या जसे शिकवता तसेच चालू द्या. पंधरा दिवसांनी मुलांच्या पाट्यांवरच दिसेल, की पुढची पायरी कोणती.

आणि बनवलेले तक्ते फेकू नका, त्यात तुमचा जीव आहे. फक्त त्यांची जागा बदला. पाठाच्या सुरुवातीला लावण्याऐवजी पाठ झाल्यावर काढा. त्यातल्या निम्म्या माहितीवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या डकवा आणि मुलांना आठवून त्यावर लिहू द्या. लिहून झालं की पट्टी उचलून खालचं उत्तर बघायचं आणि चुकलं असेल तर स्वतःच सुधारायचं. महिन्याभराने नव्या पट्ट्या लावून तोच तक्ता पुन्हा.